उजनीवरचं जुनं ओबीएम: वय आणि सुटे भाग ओळखण्याच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२५

करमाळा तालुक्यातल्या एका मच्छीमार मामांनी आज दुपारी पिकअपमधून ओबीएम (बोटीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन) आणून वर्कशॉपच्या दारात उतरवलं. झाकणावर ‘जॉन्सन ३५’, म्हणजे जॉन्सन कंपनीचं ३५ अश्वशक्तीचं. तक्रार अशी की मशीन चालू होतं, थोडा वेळ पळतं, मग तापून बंद पडतं. गार झाल्यावर पुन्हा दोरी ओढायची. मशीन गार करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी बारीक आणि तुटक येते, म्हणजे मच्छीमारांच्या भाषेत ‘मशीन पाणी मारत नाही’.

सोबत एक पिशवी होती. तिच्यात नवाकोरा पॉवर पॅक (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), पंखा आणि इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र). मुंबईच्या एका दुकानाला फोनवर झाकणावरचं नाव सांगितलं, दुकानाने आणखी काही न विचारता माल पाठवला. यातलं काहीच बसत नाही, आणि आता दुकान माल परत घेत नाही.

“मिस्त्री, पैसं गेलं ते गेलं. पर मधी पाण्यात बंद पडाय नको बघा.”

मामा एवढंच बोलले, पण उजनीच्या काठावर त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. तेव्हापासून या पाण्यात बोट घालणारा प्रत्येक जण आभाळाकडे आणि मशीनकडे वेगळ्या नजरेने बघतो. वारा सुटला की काठ गाठायला मशीनच लागतं.

म्हणून आधीच ठरवलं: नंबर हाती लागेपर्यंत एकही भाग मागवायचा नाही. झाकण हा मशीनचा सगळ्यात बेभरवशाचा पुरावा. चार कड्या सोडल्या की ते निघतं, फुटलं की भंगारातून दुसरं आणतात, रंग मारून घेतात. ‘३५’ दिसलं की विकताना भावही बरा येतो.

२५ नोव्हेंबर

सकाळी सगळं मशीन डिझेलने धुतलं. बोटीच्या मागच्या फळीला धरणाऱ्या पकडीवर रंगाच्या थराखाली एक पातळ पट्टी सापडली. थिनर आणि पितळी ब्रश हलक्या हाताने फिरवला. ठोकलेली अक्षरं घासून जायला वेळ लागत नाही, म्हणून लोखंडी ब्रश अशा ठिकाणी कधीच वापरत नाही. मग वरून खडू चोळला. खाचेत पांढरं भरलं आणि वाचता आलं: ‘२५ आर ७८’.

ही जॉन्सनची १९८० च्या आधीची पद्धत. पहिला आकडा अश्वशक्ती, मधलं अक्षर सुरू करायच्या सोयीचं (आर म्हणजे दोरीचं, ई म्हणजे इलेक्ट्रिक स्टार्टचं) आणि शेवटी साल. म्हणजे २५ अश्वशक्ती, दोरीचं, १९७८ चं मॉडेल. लांब पायाचं (पाय म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा भाग) असतं तर आरच्या पुढे एल आलं असतं. त्याच काळातलं इव्हिनरूड असतं तर नुसते आकडे दिसले असते, उदाहरणार्थ २५८०२: पंचवीस अश्वशक्ती, आठ म्हणजे १९७८, आणि ०२ म्हणजे आखूड पाय. लांब पायाला ०३.

इथेच थांबलो असतो तर निम्मे भाग पुन्हा चुकीचे आले असते. पकडीवरची पट्टी सांगते ती पकडीची गोष्ट. वरच्या इंजिनाची ओळख इंजिनाच्याच अंगावर शोधायला हवी. या कंपनीच्या मशीनमध्ये सिलेंडर ब्लॉकवर रुपयाएवढी एक गोल चकती ठोकून बसवलेली असते, आपण तिला कोअर प्लग म्हणतो. तिच्यावर मॉडेल नंबर कोरलेला असतो. पट्टी हरवते, पण ही चकती सहसा कुणी काढत नाही.

चकतीवर तेलाचा काळा थर होता. तो मऊ करून काढला, पुन्हा खडू, आणि बॅटरी आडवी धरून वाचलं: ‘ई २५ आर एल सी डी सी’.

म्हणजे वरचं इंजिन जॉन्सनचं नाहीच. ई म्हणजे इव्हिनरूड. अश्वशक्ती २५, दोरीचं, लांब पायाचं. १९८० पासून या दोन्ही नावांच्या मशीनवर साल अक्षरांत लिहायला लागले. त्यासाठी इंट्रोड्यूसेस हा इंग्रजी शब्द किल्ली म्हणून घेतला, कारण त्यात दहा अक्षरं आहेत आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही. क्रमाने आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस म्हणजे शून्य. शेवटचं एक अक्षर सोडायचं, ते आवृत्तीचं असतं. त्याच्या आधीची दोन अक्षरं सालाची. इथे सी डी, म्हणजे ८६. हे १९८६ चं मॉडेल.

ही किल्ली वर्कशॉपच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवली आहे.

मग पाय मोजला. पकडीचा जो भाग फळीवर टेकतो तिथून खाली पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्यापर्यंत माप घ्यायचं. आखूड पाय साधारण १५ इंच, लांब २० इंच. चकती म्हणते लांब, टेप म्हणते १५. म्हणजे पाय १९७८ च्या पट्टीशी जुळतो, वरच्या इंजिनाशी नाही.

एकूण हिशेब असा: डोकं १९८६ चं इव्हिनरूड, पाय आणि पकड १९७८ च्या जॉन्सनची, झाकण तिसऱ्याच कुठल्या तरी ३५ चं. ‘हे मशीन किती सालचं?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. प्रत्येक भागाला त्याचं साल विचारावं लागणार.

२७ नोव्हेंबर

मामांना फोनवर सांगितलं. त्यांना वाटलं आपण फसलो. तसं नाही, असं समजावलं. जॉन्सन आणि इव्हिनरूड या एकाच घरातल्या दोन बहिणी. ओल इव्हिनरूड याने अमेरिकेत मिलवॉकीला १९०९ मध्ये ही मशीनं विकायला सुरुवात केली. पुढे १९३० च्या दशकात जॉन्सनही त्याच छपराखाली आलं आणि आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन उभी राहिली. नंतरच्या वर्षांत दोघींच्या आतला माल एकच, रंग आणि नाव वेगळं. म्हणून अशी जोडणी होऊ शकते आणि नीट केली तर चालतेही.

पण नंबराचा पडताळा दुसऱ्या बाजूने घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. ब्लॉकसुद्धा बदललेला असू शकतो. आज पुलर लावून फ्लायव्हील काढलं. या मापाच्या दोन सिलेंडरच्या मशीनमध्ये १९७७ पासून ठिणगीचे पॉइंट जाऊन सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ठिणगीची सोय, आली. सुरुवातीला पॉवर पॅक फ्लायव्हीलच्या बाहेर वेगळा बसायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यात तो फ्लायव्हीलखालीच सरकला. या मशीनमध्ये तो खाली आहे. म्हणजे चकती खरं बोलते आहे.

आणि पिशवीतला नवा पॅक बाहेर बसणाऱ्या जुन्या जातीचा आहे. तो या मशीनवर लागूच होणार नाही. मजा म्हणजे बदलायची गरजही नव्हती. दोन्ही प्लगवर ठिणगी निळी आणि जोरकस पडते.

सिलेंडरमधला दाब मोजला: वरच्यात ११२, खालच्यात १०८ पौंड. दोन्हींत फरक नगण्य. रिंगा शाबूत आहेत. इंजिन उघडायचं काम वाचलं.

१ डिसेंबर

यादी दोन कागदांवर केली. पहिला कागद १९८६ च्या नंबराने: थर्मोस्टॅट, कार्बोरेटरचं किट, हेडच्या आवरणाचं पॅकिंग, पेट्रोलची नळी. दुसरा १९७८ च्या नंबराने: पाण्याच्या पंपाचं किट, गिअरबॉक्सची सील, पंखा, पंख्याची पिन.

कार्बोरेटरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक अडकतात. त्या काळच्या २५ आणि ३५ चा सिलेंडर एकच आहे: बोअर ३ इंच, स्ट्रोक सव्वादोन इंच, दोन मिळून सुमारे ५२१ सीसी. बाहेरून बघून फरक कळत नाही. फरक मुख्यतः हवा आणि पेट्रोल किती आत जातं त्यात आहे. म्हणून ३५ चं झाकण २५ वर इतकं बेमालूम बसतं. कार्बोरेटरच्या अंगावरचा नंबर आणि घशाचं माप दोन्ही घेतलं. २५ चाच आहे, कुणी हात लावलेला नाही.

अश्वशक्तीच्या आकड्यातही एक खोच आहे. आधी ती क्रँकशाफ्टवर मोजत, १९८० च्या दशकाच्या मध्यात पंख्याच्या शाफ्टवर मोजायला लागले. त्यामुळे १९७८ चे २५ आणि १९८६ चे २५ हे सारखे २५ नाहीत. नंतरचं मशीन त्याच आकड्यात जास्त जोर देतं.

नंबर लिहिताना: या कंपनीचे भाग सहा आकडी. पुढे त्यांच्या आधी शून्य लावून सात आकडी केले. ३९५२८९ आणि ०३९५२८९ हा एकच भाग, दोन नाहीत. कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, बॉम्बार्डियरने ती नावं घेतली आणि मे २०२० मध्ये इव्हिनरूडचं उत्पादन कायमचं थांबलं. तेव्हा मूळ डबीत मिळेल ते नशीब. सिएरा, सीडीआय इलेक्ट्रॉनिक्स असे बाहेरचे बनवणारे आहेत. त्यांच्या यादीत मूळ नंबर दिलेला असतो, त्यावरून जुळवायचं. नावावरून मात्र कधीच मागवायचं नाही.

संध्याकाळी मामांचा पुतण्या आला. त्याच्याकडे यामाहा, उजनीवर तीच जास्त. तो विचारत होता की आमच्या मशीनलाही असंच करायचं का. यामाहाचं गणित जास्त सरळ आहे. पार्ट नंबरातली पहिली तीन अक्षरं तो भाग मुळात ज्या मॉडेलसाठी निघाला त्याची, मधले पाच आकडे भागाच्या जातीचे. ४४३५२ दिसलं की इम्पेलर, मशीन कुठलंही असो. सुरुवातीची तीन अक्षरं जुळली नाहीत तरी लगेच घाबरायचं नाही, कारण जुन्या मॉडेलचा भाग नव्यातही वापरतात. पुतण्याने सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. पोरगं हुशार आहे.

९ डिसेंबर

आजचा दिवस बोल्टांत गेला, आणि चांगला गेला.

हे मशीन इंचाचं. बोल्ट यूएनसी, म्हणजे अमेरिकी इंची आट्यांचे. पायाला चार वेगवेगळे बोल्ट सापडले, त्यातले दोन तर मिलिमीटर मापाचे, पान्याने दाबून आवळलेले. ॲल्युमिनियममध्ये असा बोल्ट घातला की आटे खाऊन जातो. सहा मिलिमीटरचा बोल्ट पाव इंचाच्या भोकात आवळल्यासारखा वाटतो, पण जोर घेत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात सगळा माल मिलिमीटरचा. पण सोलापूर हे मागांचं गाव. अक्कलकोट रोडला मागाचे सुटे भाग विकणारे आहेत आणि जुन्या मागांचे बोल्ट बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश इंची आट्यांचे. दुकानदार म्हणाले, “पाव इंची हाय की, वीस आट्याचा. घ्या.” बरोबर आहे. पाव इंचाला दोन्हीकडे इंचात २० आटे, पाच सोळांश इंचाला १८, तीन अष्टमांश इंचाला १६. त्यामुळे हाताने फिरवला तर आत जातो. पण बीएसडब्ल्यूच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि यूएनसीचा ६०. लोखंडी मागाला ते चालून जातं. इथे ॲल्युमिनियमच्या आट्याला बोल्ट पूर्ण अंगाने टेकत नाही, कडेकडेने टेकतो, आणि पाण्याच्या पंपाजवळ सतत थरथर. अर्ध्या इंचाला तर आटेच वेगळे: बीएसडब्ल्यू १२, यूएनसी १३.

म्हणून माप समजायला त्या दुकानाचा आटेमापक वापरला, बोल्ट मात्र स्टेनलेस यूएनसीचे पुण्याहून मागवले. खाल्लेल्या दोन भोकांत लेथवाल्या अण्णांकडून यूएनसीचे इन्सर्ट (नव्या आट्यांची नळी) बसवून घेतले. अण्णांचा हात असा की भोक मोठं केल्यावर फुंकर मारून आधी बोटाने चाचपतात, मगच टॅप लावतात. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, रॉकेलचा थेंब.

१४ डिसेंबर

पाण्याचा पंप उघडला. सगळी कथा इथे होती.

वरचं प्लास्टिकचं घर काढलं तर आतल्या स्टेनलेसच्या वाटीला गोल खोल चर पडलेले, नखाला लागतील एवढे. गाळाचं पाणी. उजनी वजामध्ये गेली, म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपला, की पाणी मागे हटतं, बोट चिखलातून काढावी लागते, आणि पंप तो चिखल ओढतो. पंखाही त्याच दिवसांत बुडालेल्या भिंतींना आणि झाडांच्या खोडांना लागतो. पायाच्या खालच्या पात्याचा कोपरा म्हणूनच उडालेला आहे.

पण मशीन तापायचं मुख्य कारण इम्पेलर. रबराची सहाही पाती एका बाजूला वळून तशीच कडक झालेली. हातावर घेतला तरी पाती सरळ होत नाहीत. उंची व्हर्नियरने मोजली तर घराच्या खोलीपेक्षा दीड मिलिमीटर कमी. हा या पंपाचा नाहीच. कुणी तरी शाफ्टवर सरकला म्हणून बसवला. पाती वर-खाली टेकत नाहीत, हवा गळते, कमी वेगात पाणी चढतच नाही. त्याच्या रबरावरचा नंबरही या कंपनीच्या धाटणीचा नाही.

मुंबईहून आलेला नवा इम्पेलर चावीच्या खाचेत बसत नाही. तो तिसऱ्याच मापाचा. त्यामुळे शाफ्टचा व्यास, चावीची रुंदी, घराची खोली आणि आतला व्यास ही चार मापं १९७८ च्या नंबराबरोबर विक्रेत्याला पाठवली. नंबर आणि माप दोन्ही जुळलं तरच पाठवा, असं स्पष्ट लिहिलं.

गिअर ऑइल ताकासारखं पांढरं निघालं. पंख्याच्या शाफ्टचं सील गेलेलं. शाफ्टवर मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळून वितळला होता, त्यानेच सील कापलं. मामांना सांगायचं: महिन्यातून एकदा पंखा काढून मागे धागा बघायचाच. पंख्याची पिन म्हणून कापलेला खिळा होता, तो फेकला.

पिशवीतला नवा पंखा दातेरी शाफ्टचा. आपला शाफ्ट आडव्या पिनेचा. तोही बाद.

२२ डिसेंबर

पार्सल आलं. पंपाचं किट, सील आणि पिन बरोबर. थर्मोस्टॅट चुकीचा, परत पाठवला. या विक्रेत्याने कुरकुर न करता बदलून द्यायचं कबूल केलं, कारण आपल्याकडे नंबर लेखी होता.

५ जानेवारी २०२६

जोडणी झाली. पंपाच्या घराला आतून साबणाचं पाणी लावलं आणि शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत इम्पेलर आत घेतला, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. गिअर ऑइल खालच्या भोकातून भरलं, वरच्या भोकातून बुडबुडे थांबेपर्यंत. वरून भरलं तर हवा आत अडकते.

पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९८६ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही, ते फुगतं, मऊ पडतं आणि त्याचा चुरा कार्बोरेटरमध्ये जातो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाण्यावर उघड्यावर ठेवलेल्या टाकीत हे लवकर घडतं. मामांना ताकीद: काम संपलं की नळी काढून मशीन आपोआप बंद होईपर्यंत चालवायचं, कार्बोरेटर रिकामा ठेवायचा, टाकीत पेट्रोल मुरवत ठेवायचं नाही. आणि हे सगळं पाय पाण्यात असतानाच.

ऑइलचं प्रमाण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. त्या काळात कंपनीने काही वर्षं १०० ला १ ची शिफारस केली होती आणि नंतर ती मागे घेतली. जुन्या स्टिकरवर १०० दिसलं तरी मानायचं नाही. ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच. मोटारसायकलचं टू-टी हवेने गार होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, पाण्याने गार होणाऱ्याला ते योग्य नाही.

नळाला पाणी आलं तेव्हा मोठा ड्रम भरून ठेवला होता. पाय त्यात बुडवून मशीन सुरू केलं. कोरडं कधीच नाही, नवा इम्पेलर काही सेकंदांत जळतो. तिसऱ्या ओढीला धरलं आणि लगेच पिचकारी सुरू झाली: जाड, अखंड, ड्रमच्या काठाबाहेर पडणारी. पुतण्या तिथेच उभा होता, त्याने हात धरून पाणी कोमट आहे का ते बघितलं.

१३ जानेवारी

सिद्धेश्वरांची यात्रा. नंदीध्वज रस्त्यावर, बाजारात काम होणार नाही. बदलून आलेला थर्मोस्टॅट काल मिळाला होता, आज सकाळी घरीच गरम पाण्यात थर्मामीटर घालून तपासला. वेळेवर उघडतो, वेळेवर मिटतो.

१९ जानेवारी

उजनीवर चाचणी. पाणी भरपूर, वारा सकाळी कमी. मामांची फायबरची बोट, मागच्या फळीची उंची १५ इंचाच्या आसपास, म्हणजे आखूड पायच तिला बरोबर. लांब पाय शोधायची गरज नाही. मी आधीच मोजून घ्यायला सांगितलं होतं.

जुना पंखा सरळ करून पिनेवर बसवला होता. पूर्ण रेसला इंजिन गुदमरत नाही आणि मोकाट सुटतही नाही. मामांनी जाळी आणि दोन माणसं घेऊन लांब फेरी मारली, मधे मुद्दाम बराच वेळ हळू चालवलं, कारण आधी तापायचं ते तेव्हाच. पिचकारी तुटली नाही. हेडला हात लावून बघितला, गरम पण सोसवेल असा.

झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून दिलं: डोकं ई २५ आर एल सी डी सी, १९८६. पाय २५ आर ७८, १९७८, आखूड. प्लगचं अंतर ०.०३० इंच. ऑइल ५० ला १. बोल्ट यूएनसी. बाहेरचं ‘३५’ मामांनी पुसायला सांगितलं, ते पुतण्याने काठावरच थिनरने पुसलं.

शिल्लक काम: पायाच्या पात्याचा उडालेला कोपरा ॲल्युमिनियम वेल्डिंगने भरून घ्यायचा, उन्हाळ्यात पाणी हटल्यावर, पंप पुन्हा बघायला मशीन येईल तेव्हा. पिशवीतला पॉवर पॅक बाहेर पॅक असलेल्या मशीनला चालेल. इंदापूरकडच्या एका बोटीवर १९८२ चं आहे असं पुतण्या म्हणतो. त्याच्या चकतीचा फोटो मागवला आहे.